सातबारा आला, बोजाही आला: जेब बुश यांच्या उमेदवारीचं प्रकरण

१६ डिसेंबर २०१४ ला फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर जेब बुश यांनी फेसबुकवर लिहिलं, की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायचं का, याची आपण चाचपणी करतोय. पुढचे सहा महिने चाचपणीच चालली. तेवढ्यात त्यांच्यासाठी उभ्या केलेल्या निधीत दहा कोटी तीस लाख डॉलर जमले. १५ जून २०१५ ला मायामीत त्यांनी उमेदवारी जाहीर केली आणि २० फेब्रुवारी २०१६ च्या रात्री साउथ कॅरोलायनात ती गुंडाळली. रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळवायला त्या वर्षी पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे १,२३७ प्रतिनिधी लागत होते. जेब यांच्या पदरात पडले चार.

विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत एमपीएससीच्या मुलांपुढे मी अधूनमधून अशी प्रकरणं ठेवतो. हे मुद्दाम सांगलीत ठेवण्याजोगं आहे. घराण्यातला उमेदवार म्हणजे काय, हे इथल्या पोरांना पुस्तकातून समजून घ्यावं लागत नाही. वसंतदादा, राजारामबापू, पतंगराव, आर. आर. आबा या चारही नावांची पुढची पिढी त्यांनी फ्लेक्सवर पाहिलीय, काहींच्या घरच्यांनी ते फ्लेक्स बांधलेत. त्यामुळे 'अमेरिकेतही असंच असतं होय सर?' या आश्चर्यात फार वेळ जात नाही, मुलं थेट मुद्द्यावर येतात. नाव होतं, पैसा होता, आठ वर्षं गव्हर्नरकी केलेली होती, तरी गडी एवढा आपटला कसा?

'ट्रम्प आडवे आले' हे सगळ्यांच्या तोंडचं उत्तर. ते अर्धवट आहे. ट्रम्प मैदानात उतरले १६ जून २०१५ ला, जेब यांच्या दुसऱ्या दिवशी. जेब यांच्या उमेदवारीला तडा गेला होता त्याच्या महिनाभर आधी, आणि त्या वेळी समोर कुणी विरोधक नव्हताच. समोर होता सख्ख्या भावाचा कारभार.

घर

आजोबा प्रेस्कॉट बुश कनेक्टिकटचे सिनेटर. वडील जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश आठ वर्षं उपाध्यक्ष आणि मग १९८९ ते १९९३ राष्ट्राध्यक्ष. थोरला भाऊ जॉर्ज डब्ल्यू. टेक्सासचा गव्हर्नर आणि २००१ ते २००९ राष्ट्राध्यक्ष. जेब हा धाकटा, जन्म १९५३ चा. शिकताना मेक्सिकोत गेलेला असताना कोलंबा नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, तिच्याशी लग्न केलं, स्पॅनिश मातृभाषेसारखी बोलू लागला आणि टेक्सास सोडून फ्लोरिडात जाऊन बसला. अभ्यासू, धोरणांचे कागद वाचणारा, बोलताना आकडे देणारा. पुढे कोण जाणार, असं घरच्या जाणकारांना विचारलं असतं तर बोट याच्याकडे गेलं असतं.

नेम चुकला तो ८ नोव्हेंबर १९९४ च्या रात्री. त्या दिवशी दोघे भाऊ दोन राज्यांत गव्हर्नरपदासाठी उभे होते. टेक्सासात अ‍ॅन रिचर्ड्स या लोकप्रिय गव्हर्नर होत्या, तिथे जॉर्जचं अवघड मानलं जात होतं. झालं उलट. जॉर्ज निवडून आला आणि जेब फ्लोरिडात लॉटन चाइल्स यांच्याकडून सुमारे ६४ हजार मतांनी पडला. आनंद टेक्सासात आहे पण मन फ्लोरिडात आहे, अशा अर्थाचं वडील त्या रात्री बोलले. त्या एका रात्रीने घरातला क्रम बदलला. जेब १९९८ मध्ये निवडून आला तोवर थोरला भाऊ राष्ट्राध्यक्षपदाच्या तयारीला लागला होता. २००० मध्ये ती निवडणूक ज्या फ्लोरिडावर अडली आणि ५३७ मतांच्या फरकाने ठरली, तिथला गव्हर्नर जेबच होता. मतमोजणीवर अंतिम शिक्का मारणाऱ्या मंडळातून तो स्वतःहून बाजूला झाला, पण लोकांच्या मनातून ते चित्र कधी पुसलं गेलं नाही.

गव्हर्नर म्हणून मात्र माणूस कामाचा होता, हे विरोधकही मान्य करतात. २००४ मध्ये सहा आठवड्यांत चार चक्रीवादळं फ्लोरिडावर आदळली तेव्हा प्रशासन त्याने ज्या पद्धतीने हलवलं, त्याची तारीफ झाली. दोन पूर्ण मुदती करणारा तो त्या राज्याचा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर. बापाच्या पुण्याईवर निवडून आलेला बिनकामाचा वारस, अशातलं हे उदाहरण नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तसं असतं तर प्रकरण अभ्यासण्याजोगं राहिलं नसतं.

घरातल्या एका व्यक्तीला पुढचा अंदाज होता. आई बार्बरा बुश. एप्रिल २०१३ मध्ये टीव्हीवर त्यांना विचारलं, जेबने उभं राहावं का? त्या म्हणाल्या की देशात लायक माणसं खूप आहेत, बुश आता पुरे झाले. नंतर त्यांनी मत बदललं, मुलाच्या घोषणेच्या सभेला आल्या, नव्वदीत वॉकर घेऊन न्यू हॅम्पशायरच्या बर्फात प्रचारालाही गेल्या. पण पहिलं वाक्य खरं होतं.

तिकीट देणारं कुणी नसतं

इथे मुलांची एक गल्लत नेहमी होते, म्हणून थांबतो. आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात. ते पद आणि हे पद यांची तुलना करायला जाऊ नका. जवळची तुलना लोकसभेच्या तिकिटाशी आहे, आणि तिथेच फरकही आहे. आपल्याकडे तिकीट मुंबईत किंवा दिल्लीत ठरतं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पक्षाचेच मतदार ठरवतात, राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका घेऊन. पहिलं राज्य आयोवा, मग न्यू हॅम्पशायर, मग साउथ कॅरोलायना, अशा क्रमाने. पक्षाचे बडे नेते, देणगीदार, माजी मंत्री यांना मत असतं, वजन असतं, पण शिक्का त्यांच्या हातात नसतो.

जेब यांची सगळी योजना मात्र शिक्का त्यांच्याच हातात आहे असं धरून आखलेली दिसते. आधी बड्यांना आपल्या बाजूला ओढायचं, इतका पैसा गोळा करायचा की बाकीच्यांनी उभं राहण्याचाच विचार सोडावा. वडिलांच्या आणि भावाच्या वेळी हे चाललं होतं. यासाठी घराण्याचं नाव म्हणजे सोनं. बुश आडनावाचा फोन आला की कुठलाही उद्योगपती उचलतो.

पैशाचा नियमही समजून घ्या. त्या निवडणुकीत एका व्यक्तीला थेट उमेदवाराला एका फेरीसाठी फार तर २,७०० डॉलर देता येत होते. पण उमेदवारापासून स्वतंत्र असलेल्या 'सुपर पॅक' नावाच्या निधी-संस्थेला कितीही देता येतात, हे २०१० च्या न्यायालयीन निकालांनंतर रूढ झालं. अट एकच, उमेदवाराने त्या संस्थेशी संगनमत करायचं नाही. यातली मेख 'उमेदवार' या शब्दातच. जाहीर उमेदवार व्हायच्या आधी ती अट तशी लागू होत नाही. म्हणून जेब सहा महिने 'विचार' करत होते. विचार करणारा माणूस 'राइट टू राइज' या सुपर पॅकसाठी गावोगाव फिरून पैसे गोळा करू शकत होता, उमेदवार झाल्यावर शकला नसता. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आणि त्याच्या पक्षाला काहीच मर्यादा नाही, याचं नवल वाटणाऱ्यांनी तिकडची पळवाट बघावी. माणसं सगळीकडची हुशार.

तर २०१५ च्या पहिल्या सहामाहीत जेब बुश हे जगातले सगळ्यात भक्कम 'संभाव्य' उमेदवार होते. जनमत चाचण्यांत पुढे होते, पण किती पुढे? पंधरा टक्क्यांच्या आसपास. पक्षाच्या दर शंभर मतदारांतल्या पंच्याऐंशींना दुसराच कुणी हवा होता किंवा अजून ठरलं नव्हतं. गोळा झालेल्या पैशाच्या आकड्यापुढे हा आकडा कुणी नीट बघितला नाही.

घराण्यातला माणूस 'उभा राहील का' या अवस्थेत सगळ्यात मोठा दिसतो, हे १९७९ मध्येही दिसलं होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे धाकटे भाऊ टेड केनेडी त्यांच्याच पक्षाच्या, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या जिमी कार्टर यांच्यापेक्षा चाचण्यांत कितीतरी पुढे होते. मग टीव्हीवर पत्रकार रॉजर मड यांनी साधा प्रश्न विचारला, तुम्हाला राष्ट्राध्यक्ष का व्हायचंय? केनेडी अडखळले, वाक्य सापडेना. पुढची लढाई कार्टर यांनी जिंकली. जेब यांच्यावर असाच प्रश्न आला मे २०१५ मध्ये, फक्त त्यांचा प्रश्न जास्त अवघड होता.

मे महिन्यातले चार दिवस

सोमवार, ११ मे. फॉक्स न्यूजवर मेगिन केली यांनी थोरल्या भावाने २००३ मध्ये केलेल्या इराकवरच्या हल्ल्याबद्दल विचारलं, आज आपल्याला जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं, तर इराकवर हल्ला करायला तुम्ही मंजुरी दिली असती का? जेब म्हणाले, दिली असती, आणि हिलरी क्लिंटन यांनीही दिली असती.

मंगळवारी एका रेडिओ कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की आपण प्रश्न चुकीचा ऐकला. मग बदललेल्या प्रश्नाचं उत्तर काय? ते सांगता येत नाही. बुधवारी नेवाडातल्या रिनोमध्ये म्हणाले, असे जर-तरचे प्रश्न विचारणं म्हणजे शहीद सैनिकांवर अन्याय आहे. त्याच सभेनंतर कॉलेजातल्या एका मुलीने त्यांना गाठलं आणि तोंडावर सांगितलं की आयसिस तुमच्या भावाने जन्माला घातली. गुरुवारी, १४ मे ला, अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीमध्ये ते अखेर बोलले, आज जे माहीत आहे ते माहीत असतं तर मी इराकमध्ये गेलो नसतो.

चार दिवसांत चार उत्तरं, आणि शेवटचं उत्तर पहिल्याच मिनिटाला देता येण्यासारखं. प्रश्न अनपेक्षित नव्हता. आडनाव बुश असलेला माणूस उभा राहणार म्हटल्यावर पहिला प्रश्न इराकचा येणार, हे अभ्यासिकेतल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. सर्वसंहारक शस्त्रं सापडली नव्हती, साडेचार हजारांच्या घरात अमेरिकी सैनिक गेले होते, आणि हे सगळं २०१५ पर्यंत जगजाहीर होतं. फेब्रुवारीत शिकागोच्या भाषणात त्यांनी मी माझा स्वतंत्र माणूस आहे, असं म्हणून घेतलंही होतं. पण त्याच सुमारास जाहीर झालेली परराष्ट्र धोरणाच्या सल्लागारांची यादी बघा, तर तीत बरीचशी नावं वडिलांच्या आणि भावाच्या सरकारांतली. इराक युद्धाची बाजू लावून धरणारे पॉल वुल्फोवित्झसुद्धा.

या टप्प्यावर मी मुलांना विचारतो, हुशार माणसाला चार दिवस का लागले? सल्लागार वाईट होते, तयारी नव्हती, टीव्हीची सवय गेली होती, अशी उत्तरं येतात. सगळी खरी. एका बॅचला मागच्या बाकावर एक तात्या बसले होते. मिरज तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचे निवृत्त सचिव, नातू आमच्याकडे शिकतो, त्याला न्यायला आलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, त्याला उत्तर येत नव्हतं असं न्हाई. त्याला संध्याकाळी घरी जायचं होतं."

वर्ग हसला. तात्या हसले नाहीत. "भाऊबंदकीचा ठराव सोसायटीत येतो तवा मी बघितलंय. जो भाऊ दुसऱ्या भावाच्या कर्जाबद्दल बोलायला उठतो, त्याचं पयलं वाक्य कधीच धड निघत न्हाई."

एका मुलीने विचारलं, "मग तात्या, त्यांनी काय म्हणायला पाहिजे होतं?"

"चुकलं म्हणायचं. पयल्याच दिवशी. घरी शिव्या खायच्या आन् भाईर सुटायचं."

मला या चार दिवसांबद्दल जे म्हणायचं असतं ते याच्याच जवळ जातं. घराण्याचं नाव सातबाऱ्यासारखं येतं. वारस नोंद लागली की जमीन नावावर होते, आणि इतर अधिकाराच्या रकान्यात जो बोजा चढलेला असतो तोही तुमचाच होतो. जमीन घेईन, बोजा भावाच्या नावावर राहू दे, असं तलाठ्याला सांगता येत नाही. जेब यांनी सहा महिने जमीन कसली, म्हणजे देणगीदार, सल्लागार, जुने कार्यकर्ते सगळे नावावर लावून घेतले. बोजाबद्दल पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी कागद वाचलेलाच नव्हता, असं दिसलं. मतदाराला इराकपेक्षा हे जास्त खटकलं असावं. कारण उत्तर काय देतोय यापेक्षा हा माणूस मोकळा आहे का, हे लोक बघत असतात.

तेच नाव, दोन निकाल

इथे सांगलीचं उदाहरण घेतो, कारण प्रयोगशाळेत सापडावी तशी तुलना घरच्या अंगणात उपलब्ध आहे. १९८० पासून २०१४ पर्यंत सांगली लोकसभा वसंतदादांच्या घरातच राहिली. स्वतः दादा, शालिनीताई, प्रकाशबापू, मदन पाटील, पुन्हा प्रकाशबापू, मग प्रतीक. २०१४ मध्ये भाजपच्या संजयकाका पाटील यांनी प्रतीक यांना पाडलं. २०१९ मध्ये दादांचे दुसरे नातू विशाल पाटील आघाडीकडून लढले, पण जागा स्वाभिमानीला सुटल्यामुळे त्यांच्या तिकिटावर, बॅट चिन्ह घेऊन. वंचितकडून गोपीचंद पडळकर यांनी तीन लाखांवर मतं घेतली, संजयकाका पुन्हा निवडून आले. २०२४ मध्ये जागा महाविकास आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली आणि उमेदवारी दोन वेळचे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांना मिळाली. विश्वजीत कदमांनी दिल्लीपर्यंत धडक मारली, उपयोग झाला नाही. विशाल अपक्ष उभे राहिले आणि संजयकाकांना लाखाच्या फरकाने हरवलं. आघाडीचा अधिकृत उमेदवार ६१ हजारांच्याही आत थांबला.

माणूस तोच, आजोबा तेच, साखर कारखान्याचे प्रश्न तेच. दादांच्या नावाचा कारखाना भाडेकराराने खाजगी कंपनीला चालवायला द्यावा लागला, हा बोजा २०१९ लाही होता आणि २०२४ लाही. मग बदललं काय? बरंच काही. दहा वर्षांच्या खासदाराविरुद्धची नाराजी होती, यावेळी तिसरीकडे मतं फारशी गेली नाहीत, राज्यभर भाजपविरोधात वारं होतं. पण यातली एक गोष्ट आमच्या प्रकरणाच्या कामाची आहे. २०१९ मध्ये नाव घेऊन मागायला आलेला वारस होता. २०२४ मध्ये त्याच वारसाला दारातून परत पाठवलं होतं, आणि ते कुणी मुंबईत बसून केलं होतं. 'दादांच्या नातवाला तिकीट नाही' हे वाक्य गावागावात ज्या रागाने बोललं गेलं, त्या रागात आजोबांच्या कारखान्याचा हिशोब मागे पडला. वर ठरलेला उमेदवार बाजूला सारून मतदारांनी आपला निवडला. अमेरिकेतली प्राथमिक निवडणूक जे काम करते, ते सांगलीकरांनी सार्वत्रिक निवडणुकीतच उरकून टाकलं.

जेब यांची जागा नेमकी उलटी होती. त्यांच्यावर कुणी अन्याय केला नव्हता. पक्षाचे बडे त्यांच्याकडेच झुकले होते, पैसा त्यांच्याकडेच होता. मुंबईत ज्याला तिकीट ठरलंय, ती खुर्ची त्यांची होती. आणि २०१५ चा रिपब्लिकन मतदार नेमका त्या खुर्चीवर चिडलेला होता. २००८ ची मंदी, लांबत चाललेली युद्धं, स्थलांतराचा राग. बेकायदा येणाऱ्यांबद्दल जेब २०१४ मध्ये म्हणाले होते की ते कायदा मोडतात खरे, पण ते कुटुंबावरच्या प्रेमापोटी. माणुसकीचं वाक्य. पक्षाच्या मतदाराला ते झोंबलं.

पुढचे आठ महिने

हे भराभर सांगण्यासारखं आहे. प्रचाराच्या बोधचिन्हावर फक्त 'जेब' आणि उद्गारचिन्ह, आडनाव गायब. घोषणेच्या सभेला वडील आणि भाऊ नाहीत. मोठे उमेदवार एकूण १७. ट्रम्प यांनी ऑगस्टपासून 'या माणसात दम नाही' असं हिणवायला सुरुवात केली आणि ते चिकटलं. ऑक्टोबरच्या वादचर्चेत जेब यांनी स्पर्धेतल्याच मार्को रुबिओवर सिनेटमधल्या गैरहजेरीवरून हल्ला केला. रुबिओ हा फ्लोरिडात त्यांच्याच हाताखाली वाढलेला. त्याने शांतपणे परतवला आणि जेब यांचा चेहरा पडला. सुपर पॅकने पुढे कोट्यवधी डॉलर याच रुबिओविरुद्धच्या जाहिरातींवर ओतले. ट्रम्प मोकळेच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला न्यू हॅम्पशायरच्या हॅनोव्हरमध्ये भाषणातलं एक वाक्य संपलं, सभागृह गप्प, आणि जेब म्हणाले, टाळ्या वाजवा की. तो काही सेकंदांचा तुकडा आजही लोक हसायला बघतात. मला त्यात हसू येत नाही. पण प्रचार कुठे येऊन ठेपला होता, ते त्यात दिसतं हे खरं. आयोवात २.८ टक्के, सहावा क्रमांक. न्यू हॅम्पशायरात ११ टक्के, चौथा.

उरलं साउथ कॅरोलायना. ते बुश घराण्याचं राज्य. १९८८ मध्ये वडिलांना आणि २००० मध्ये पक्षातलेच प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांच्याविरुद्ध भावाला याच राज्याने वाचवलं होतं. १३ फेब्रुवारी २०१६ ला ग्रीनव्हिलच्या वादचर्चेत ट्रम्प यांनी भर मंचावर सांगितलं की जुळे मनोरे तुझ्या भावाच्या राज्यात कोसळले. मे महिन्यात जे ऐकायला मिळेल म्हणून जेब घाबरले होते, ते त्याहून वाईट शब्दांत त्यांच्याच पक्षाच्या माणसाने ऐकवलं. जेब घराण्यासाठी उभे राहिले. माझ्या घरच्यांच्या मागे लागणं आता पुरे, म्हणाले, आणि पुढे असंही की माझी आई ही मला माहीत असलेली सगळ्यात खंबीर बाई आहे. ट्रम्प म्हणाले, मग तिनेच उभं राहायला हवं.

दोन दिवसांनी जॉर्ज डब्ल्यू. नॉर्थ चार्ल्सटनमध्ये भावाच्या सभेला आले. गर्दी झाली, लोकांनी जॉर्ज यांना डोक्यावर घेतलं. त्या राज्यात ते तेव्हाही लोकप्रिय होते. २० तारखेला मतदान झालं तेव्हा जेब यांना ७.८ टक्के मिळाले. पाच दिवसांपूर्वी भावाला ऐकायला आलेल्यांपैकी किती जणांनी मत दुसऱ्याला दिलं असेल, याचा अंदाज सांगलीच्या माणसाला सांगावा लागत नाही. दादांच्या पुण्यतिथीला येणारे सगळे दादांच्या घरालाच मत देतात असं २०१४ मध्ये कुठे झालं?

प्रचार आणि सुपर पॅक मिळून तेरा कोटी डॉलरच्या वर खर्च झाला होता. उरलेले सव्वा कोटीच्या आसपास सुपर पॅकने देणगीदारांना परत केले. निवडणूक संपल्यावर उरलेले पैसे परत! हे वाचल्यावर वर्गात दरवेळी मोठा गोंधळ होतो आणि पुढची पाच मिनिटं फुकट जातात.

वेगळं काय करता आलं असतं

२०१२ मध्ये उभे राहिले असते तर, असा एक मुद्दा निघतो. तेव्हा मैदानात ट्रम्प नव्हते, पण भावाची कारकीर्द संपून तीनच वर्षं झाली होती. बोजा जास्त ताजा होता. मला ते पटत नाही. जॉर्ज डब्ल्यू. यांना वडिलांचं नाव चाललं, मग जेबला का नाही, हा दुसरा. याचं उत्तर सोपं आहे. थोरल्या बुशांनी मागे ठेवलेल्या कारभारात इराकसारखं काही नव्हतं. १९९१ चं आखाती युद्ध लवकर संपलं होतं, जिंकलं होतं. जॉर्जला वारसा बराचसा निर्लेप मिळाला. जेबला मिळालेल्या वारशात मधली आठ वर्षं जॉर्जचीच होती.

माझ्या मते एकच वाट होती. डिसेंबर २०१४ मध्ये, कुणी विचारायच्या आत, भावाचं नाव घेऊन सांगायचं की ते युद्ध चूक होतं. काही देणगीदार गेले असते. जुने सल्लागार दुखावले असते. थँक्सगिव्हिंगचं जेवण अवघड झालं असतं. पण मग पुढच्या वर्षी ट्रम्प यांच्या हातात ते वाक्य राहिलं नसतं. यावर एका मुलाने बरोबर हरकत घेतली होती. "सर, तसं केलं असतं तर दहा कोटी डॉलर जमलेच नसते." बरोबर आहे. पैसा त्याच घरातून येत होता ज्या घराविरुद्ध बोलायचं होतं.

पुढच्या पिढीने मात्र ही वाट उलट्या बाजूने धरून पाहिली. जेब यांचा मुलगा जॉर्ज पी. बुश २०१४ मध्येच टेक्सासचा लँड कमिशनर म्हणून निवडून आला होता. २०१६ मध्ये बाप हरल्यावर त्याने ट्रम्प यांना पाठिंबा दिला. २०२२ साठी अ‍ॅटर्नी जनरलपदाला उभा राहताना त्याच्या प्रचारात बाटलीवर चढवायची आवरणं वाटली गेली, त्यावर ट्रम्पशी हस्तांदोलन करतानाचं चित्र आणि ट्रम्प यांचे शब्द, की हा एकच बुश आहे ज्याला मी आवडतो. आजी-आजोबा, बाप, काका सगळे एका वाक्यात बाजूला. ट्रम्प यांनी जुलै २०२१ मध्ये पाठिंबा त्याच्या विरोधकाला, केन पॅक्स्टन यांना जाहीर केला. २४ मे २०२२ ला पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीच्या अंतिम फेरीत पॅक्स्टन यांना जॉर्ज पी. च्या दुपटीहून जास्त मतं पडली.